गाडी उलटी करून वाचा : खेळण्यातल्या मोटारी आणि बदलणारे मालक



पाचवीला 'वस्तू कुठे तयार होते, आपल्यापर्यंत कशी येते' हा भाग शिकवताना मी खेळण्यातल्या मोटारी वापरते. काडेपेटीएवढ्या, धातूच्या, हातात घेतल्या की जरा जड लागणाऱ्या. यांना डाय-कास्ट गाड्या म्हणतात. यंदा वर्गातल्या दोघातिघांचे बाबाच या गाड्या जमवणारे निघाले. (त्यांना 'कलेक्टर' म्हटलं तर मुलांना जिल्हाधिकारी वाटले, म्हणून आम्ही संग्राहक हा शब्द घेतला.) त्यातल्या एका पालकांनी विचारलं, "मॅडम, गाड्यांची कंपनी दुसऱ्या कुणी घेतली की आमच्या पोटात गोळा येतो. घरचे हसतात. पोराला हे कसं समजावू?"

प्रश्न मला आवडला. हसण्यासारखं त्यात काही नाही, आणि त्यातून एक चांगला पाठ तयार होतो.

आधी साचा समजून घेऊ. डाय म्हणजे पोलादी साचा. जस्त, त्यात सुमारे 4 टक्के ॲल्युमिनियम, थोडं तांबं आणि किंचित मॅग्नेशियम असा मिश्रधातू साधारण 400 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवतात आणि जोराच्या दाबाने साच्यात ढकलतात. काही क्षणांत गाडीचं अंग तयार! एकाच साच्यातून हजारो गाड्या निघतात, म्हणून गाडी स्वस्त पण साचा भलता महाग. आपल्या पुण्यात हे समजावणं सोपं आहे, कारण भोसरी-चाकणकडे खऱ्या गाड्यांचे सुटे भाग असेच, बहुतेक ॲल्युमिनियमचे, ओततात. वर्गात एखादे पालक या कामातले असतील तर त्यांना दहा मिनिटं बोलवाच. आमच्याकडे आलेल्या पालकांनी एक गोष्ट सांगितली, ती पुस्तकात मिळत नाही. ते म्हणाले, "मशीन आमचं, माणसं आमची, पण डाय बऱ्याचदा पार्टीचा. पार्टीने डाय उचलून दुसऱ्याकडे नेला की आमच्याकडचं काम संपलं."

आता संग्राहकांची भीती नीट दिसते. कंपनी विकली जाते म्हणजे एकच वस्तू विकली जात नाही. नाव असतं, साचे असतात, कारखाना आणि तिथली हात बसलेली माणसं असतात. या सगळ्यांची ताटातूट होऊ शकते. मोठ्या गाड्यांतलं उदाहरण द्यायचं तर ॲम्बेसेडर घ्या. तिचा उत्तरपाड्याचा कारखाना 2014 मध्ये थांबला आणि 2017 मध्ये हिंदुस्तान मोटर्सने 'ॲम्बेसेडर' हे नाव 80 कोटी रुपयांना फ्रान्सच्या प्यूजो समूहाला विकलं. गाडी नाही, नुसतं नाव. मुलांना हे अजिबात पटत नाही. "नाव कसं विकतात बाई?" यावर वर्गात हवा तेवढा वेळ जाऊ द्या.

खेळण्यांच्या जगात मालकबदलाची सगळ्यात मोठी गोष्ट मॅचबॉक्सची. 1947 मध्ये लंडनला लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ यांनी कंपनी काढली. दोघांच्या नावांचे तुकडे जोडून ती झाली 'लेस्नी'. पुढे जॅक ओडेल त्यांना येऊन मिळाले. ओडेल यांच्या मुलीच्या शाळेचा एक नियम होता : काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं शाळेत आणायचं. वडिलांनी तिला काडेपेटीत बसणारा रोडरोलर करून दिला आणि त्यातूनच 1953 मध्ये मॅचबॉक्स गाड्या सुरू झाल्या. शाळेच्या नियमातून एवढा मोठा धंदा उभा राहिला, हे वाचून आपण शिक्षकांनी थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

1968 मध्ये अमेरिकेच्या मॅटेल कंपनीने हॉट व्हील्स आणल्या. त्या सुसाट पळायच्या. मॅचबॉक्सला 1969 पासून आपली चाकं बदलावी लागली. तरी 1982 मध्ये लेस्नी बुडाली. मग हाँगकाँगची युनिव्हर्सल, 1992 मध्ये अमेरिकेची टायको, आणि 1997 मध्ये टायकोसकट मॅचबॉक्स विकत घेतली ती मॅटेलने. म्हणजे जिच्याशी तीस वर्षं स्पर्धा केली, तिच्याच घरात नांदायला गेली! तेव्हा संग्राहकांची भीती अशी होती की मॅचबॉक्स म्हणजे रस्त्यावर दिसते तशी गाडी, साधी पोस्टाची व्हॅन किंवा रुग्णवाहिका, आणि हॉट व्हील्स म्हणजे आगीच्या ज्वाळा रंगवलेली स्वप्नातली गाडी. आता दोन्ही एकसारख्याच होतील. 2003 च्या सुमारास 'हिरो सिटी' नावाने तशाच कार्टूनसारख्या गाड्या मॅचबॉक्समध्ये आल्या, तेव्हा जुने संग्राहक वैतागले. पण पुढे कंपनी पुन्हा खऱ्यासारख्या गाड्यांकडे वळली आणि आजही दोन्ही नावं वेगळी आहेत. भीती खरी ठरली का? काही वर्षांपुरती, हो.

कॉर्गीचं वेगळंच. मेटॉय कंपनी 1983 मध्ये कोसळली, 1989 मध्ये कॉर्गी मॅटेलकडे गेली, आणि 1995 मध्ये तिथल्याच व्यवस्थापकांनी ती परत विकत घेतली. डिंकीची कथा जास्त दुःखाची. लिव्हरपूलचा बिन्स रोडचा कारखाना 1979 मध्ये बंद झाला. पण त्याच्या आधीच डिंकीचे काही जुने साचे आपल्याकडे, कलकत्त्याला आले होते. त्यातून निघालेल्या गाड्या 'निकी टॉईज' नावाने विकल्या गेल्या. साचा तोच, पण गाडीच्या पोटावरचं 'डिंकी' नाव काढून तिथे 'निकी'. साहेबाच्या जुन्या साच्यातून भारतीय कामगारांनी काढलेल्या या ओबडधोबड गाड्या आज परदेशी संग्राहक शोधत फिरतात.

महाराष्ट्राशी जवळचं उदाहरण म्हणजे 'लिओ'. व्हीआयपी सुटकेस आठवते? त्याच ब्लो प्लास्ट समूहाचं खेळण्यांचं नाव लिओ. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅटेलशी हातमिळवणी करून त्यांनी बार्बी आणि हॉट व्हील्स भारतात आणल्या. गाडीच्या तळाला 'लिओ' आणि 'इंडिया' अशी अक्षरं असायची. पुढे मॅटेलने इथला कारभार आपल्याकडे घेतला आणि लिओ हे नाव गाड्यांवरून गेलं. ज्यांचं लहानपण तेव्हाचं आहे त्या पालकांनी माळ्यावरची जुनी पेटी एकदा उघडून बघावी. आपण मातीत लोळवलेल्या त्या गाड्यांना आज जगभर मागणी आहे.

आता खर्चाबद्दल थोडं, कारण हा लेख पालकही वाचतात. 'मालक बदलतोय, आता हे मॉडेल बंद होणार' अशी नुसती आवई उठली तरी लोक एकाच गाडीचे दहा-दहा नग उचलतात आणि काही दुकानदार छापील किमतीच्या वर पैसे मागतात. पाकिटावर एमआरपी असते, त्यापेक्षा जास्त घेणं बेकायदा आहे, हे मुलांसमोरच बोला. आणि 1 जानेवारी 2021 पासून भारतात विकायच्या खेळण्यांवर आयएसआय खूण बंधनकारक आहे, तीही शोधायला लावा. पाकीट न फोडता भिंतीला टांगायचं की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण मुलाच्या वाढदिवसाला आणलेली गाडी 'पुढे किंमत येईल' म्हणून त्याला हातही लावू न देणं मला तरी बरोबर वाटत नाही.

वर्गात हे असं घ्या. प्रत्येकाने घरून एक धातूची गाडी आणायची, महागाची नको. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी चार-पाच जास्तीच्या असू द्या. गाडी उलटी करायची, तळावर पातळ कागद धरायचा आणि नाण्याचा छाप काढतो तशी पेन्सिल आडवी फिरवायची. कंपनीचं नाव, देश, कधी साल उमटतं. एक सूचना इथेच द्या : तळावरचं साल बहुधा तो साचा पहिल्यांदा कधी तयार झाला त्याचं असतं, ही गाडी कधी बनली त्याचं नाही. मग नकाशात देश शोधा. हॉट व्हील्सवर मलेशिया, मॅचबॉक्सवर थायलंड हमखास निघतं.

जोडीला गणितही होतं. या गाड्यांचं प्रमाण 1:64 सांगतात. मारुती 800 ची लांबी 3335 मिलिमीटर, तिला 64 ने भागा : सुमारे 5.2 सेंटीमीटर. मग बसला भागून बघा, आणि खेळण्यातली बस मोजा. उत्तर जुळत नाही, कारण बसलाही त्याच खोक्यात बसवायचं असतं. मुलं हे स्वतःहून पकडतात.

जुन्या गाड्या आणल्या असतील तर रंगात शिसं असू शकतं, म्हणून तास संपल्यावर सगळ्यांना साबणाने हात धुवायला पाठवा. आणि कुणाच्या छापात 'लिओ' उमटलं, तर तो कागद फळ्याशेजारी लावायला विसरू नका.