बालगृहातील मुलांचे दात आणि मन

काश्यपसंहितेच्या दंतजन्मिक अध्यायात बत्तीस दातांपैकी आठ ‘सकृज्जात’, म्हणजे एकदाच उगवणारे, व उरलेले ‘द्विज’ सांगितले आहेत. आजच्या गणनेने दुधाच्या दाताची जागा न घेता उगवणाऱ्या दाढा १२ भरतात. संख्येचा हा फरक बाजूस ठेवला तरी मूळ भेद चिकित्सकाच्या फार उपयोगाचा आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्याआधी कोणताही दात पडत नसल्याने ती आल्याचे कोणाच्या ध्यानी येत नाही आणि ‘दुधाचीच आहे, पडून जाईल’ म्हणून तिच्यातील कृमिदंताकडे दुर्लक्ष होते. घरात आई निदान तोंडात डोकावते. बालगृहात हे काम नेमके कोणाचे, हे बहुधा ठरलेले नसते.

पाबळसारख्या गावी व्यवसाय करताना आम्हांस आणखी एक गोष्ट जाणवते. संस्थेत वाढणारे मूल दातदुखी सहसा सांगत नाही. रडून कोणी धावत येत नाही, हे एकदा कळले की मूल रडणेच सोडते. रुमानियातील बुखारेस्ट येथे २००० साली अनाथालयांतील १३६ बालकांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतील जी बालके लहान वयातच पालक-कुटुंबात गेली, त्यांची बुद्धी व माणसाशी जिव्हाळा जोडण्याची शक्ती संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली वाढलेली दिसली. म्हणून अशा मुलाला ‘दुखते का?’ एवढे विचारून भागत नाही. एकाच बाजूने चावणे, भाकरीचा कडक पापुद्रा ताटात ठेवणे, रात्री वारंवार जाग येणे, हसताना तोंडावर हात धरणे, ही लक्षणे वैद्याने स्वतः पाहावीत. रडणाऱ्या वा न जेवणाऱ्या बालकास राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये, असे चरकाचार्य शारीरस्थानात बजावतात. आज त्या पिशाचाची जागा ‘डॉक्टर सुई टोचतील’ या धमकीने घेतली आहे!

आहाराच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातील बावरल येथील हॉपवुड हाउस या बालगृहाचा दाखला अभ्यसनीय आहे. १९४२ साली स्थापन झालेल्या या गृहात आहार शाकाहारी असे व साखर-मैदा जवळपास वर्ज्य असे. तेथील १३ वर्षांच्या मुलांपैकी ५३ टक्के मुलांचे दात पूर्णतः निरोगी आढळले. त्या प्रांतातील सरकारी शाळांत हे प्रमाण अर्धा टक्काही नव्हते. मात्र दात घासण्याची शिस्त नसल्याने सुमारे तीन चतुर्थांश मुलांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. पुढे वयात आलेल्या मुलांवरील आहाराचा निर्बंध सैल होताच त्यांचे दात झपाट्याने किडू लागले. पथ्य संस्थेचे होते, मुलांचे झाले नव्हते.

आपल्याकडे वाढदिवस, पुण्यतिथी, सण यांनिमित्त दाते येतात ते पेढे, बिस्किटे व चॉकलेटे घेऊन. मुलाच्या मनात माया आणि गोड पदार्थ यांची सांगड बसते, ती अशी. दात्यास दुखवू नये. फळे, शेंगदाणे, फुटाणे आणण्यास सुचवावे आणि आलेले गोड जेवणासोबतच एकदा वाटावे. दिवसभर थोडे थोडे खाल्लेले गोड अधिक घातक ठरते.

येथे औषधनिर्मात्यांनी आपल्या बरण्यांकडेही पाहावे. सितोपलादि चूर्णाच्या ३१ भागांत १६ भाग खडीसाखर असते. ते मधातून, किंवा च्यवनप्राश, झोपताना चाटवून मूल तसेच निजले तर रात्रभर लाळ कमी आणि दातांवर साखर, अशी स्थिती होते. ही औषधे दात घासण्यापूर्वीच द्यावीत व तशी सूचना वेष्टनावर छापावी. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ पासून बंदी आहे, तरी मिश्रीची सवय ग्रामीण घरांतून मुलांसोबत संस्थेत येते. तिची चौकशी मुलाला न लाजवता करावी.

कडुनिंब, करंज, बाभूळ यांची दातवणे आपल्या भागात विपुल आहेत आणि कषाय-तिक्त-कटु रसांचे महत्त्व आम्ही मानतोच. तथापि कीड रोखण्यात फ्लोराइडयुक्त पेस्टचा गुण निर्विवाद सिद्ध झाला आहे. स्वपक्षाच्या अभिमानापोटी तिला विरोध करणे आम्हांस योग्य वाटत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे दात मोठ्याने घासून द्यावेत, आणि ते रोज एकाच ओळखीच्या माणसाने. दोन मिनिटे कोणीतरी केवळ आपल्याकडे पाहते आहे, हा अनुभव या मुलांना दिवसात क्वचितच येतो.

मोठी कीड, गळू वा ताप असल्यास केवळ गंडूष-कवलावर विसंबू नये. दंतवैद्याकडे त्याच दिवशी पाठवावे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शालेय मुलांच्या दंततपासणीचा समावेश आहे. त्या पथकाची तारीख शाळेकडून घेऊन मुलासोबत त्याचे रोज दात घासणारी व्यक्तीच जाईल, एवढी व्यवस्था स्थानिक वैद्याने संस्थेशी बोलून करावी.