शाळेच्या कौलारू छपराची तपासणी

रत्नागिरी जिल्ह्यात कौले चाळण्याचे व छप्पर शाकारण्याचे काम मृगापूर्वी आटोपावे लागते. पाऊस लागल्यावर छपरावर माणूस चढविणे धोक्याचे असते. ३ जून २०२० रोजी, मृग लागण्याच्या तोंडावर, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि शेजारच्या मंडणगड व दापोली तालुक्यांत असंख्य छपरांची कौले व पत्रे उडाले. अशा प्रसंगी कारागिरांची चणचण भासते व काम घाईने उरकले जाते. घाईतील दोष जमिनीवरून दिसत नाहीत. यास्तव काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही करण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी स्वतः पाहणी करणे अगत्याचे आहे. अभियंत्याची तपासणी स्वतंत्र असतेच. तथापि त्या छपराखाली वर्ग भरवावयाचे आहेत ते शिक्षकांनाच.

पाहणीचा आरंभ कौलांवरून न करता लाकडावरून करावा, आणि तोही कौले चढण्यापूर्वी. जुन्या कुजक्या वाशांवर नव्या रीपा ठोकून वरून कौले घातली की दोष झाकला जातो. वासा भिंतीवर जेथे टेकतो तेथे ओल व वाळवी प्रथम लागते. तेथे चाकूचे टोक रुतते काय ते पाहावे.

मंगलोरी कौल आपल्या खालच्या खुंटीने रीपेस अडकते. (१८६५ साली बासेल मिशनने मंगळूर येथे कारखाना काढला, तेव्हापासून या कौलास हे नाव पडले.) दोन रीपांतील अंतर सर्वत्र सारखे पाहिजे. अंतर वाढले की वरचे कौल खालच्यावर पुरेसे चढत नाही आणि वाऱ्याबरोबर येणारे पाणी आत शिरते. कमी झाले की कौल नीट न बसता डुगडुगते. एकच अंतर न मोजता दहा अंतरे एकत्र, दोन्ही टोकांस व मध्यभागी मोजावीत.

छपराचा उतार हा गुणोत्तराचा उत्तम पाठ होय. भिंतींतील अंतर २० फूट व भिंतीच्या माथ्यापासून आढ्याची उंची ५ फूट असेल, तर १० फुटांस ५ फूट, म्हणजे दोनास एक असा उतार होतो. कोकणच्या पावसात याहून कमी उतार नसावा. मोजमाप शिक्षकाने करावे व हिशेब मुलांनी. मुलांस शिडीवर चढवू नये.

कौल बोटाने वाजविले असता खणखणीत आवाज यावा. बद्द आवाजाचे कौल तडकलेले किंवा कच्चे भाजलेले असते. काम झाल्यावर भर दुपारी दारे-खिडक्या लावून वर पाहावे. काचेच्या कौलाखेरीज जेथे उजेडाचा ठिपका दिसेल तेथे फट आहे. तिच्याखाली जमिनीवर खडूची खूण करून कारागिराकडून लगेच दुरुस्ती करून घ्यावी. आढ्यावरच्या कोन्यांची फट मात्र चुन्या-सिमेंटने झाकलेली असल्याने अशी दिसत नाही. तेथे घागरीने पाणी ओतून पाहणे हाच उपाय.

वारा वळचणीखाली शिरून कौले उचलतो. म्हणून पागोळीकडील ओळी व दोन्ही बाजूंच्या कडा तारेने रीपेस बांधल्या आहेत काय, हे अवश्य पाहावे. हे काम बहुधा राहून जाते.

शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर देण्याचे आधीच ठरवून घ्यावे. गळती आढळल्यास ओल्या डागाच्या नेमके वर छिद्र असेलच असे नाही. पाणी रीपेवरून व वाशावरून ओघळत येते. म्हणून डागापासून आढ्याच्या दिशेने शोध घ्यावा.