उजळावे की जपावे?

तांब्याच्या भांड्यावरील काळपट थर हा हवेतील प्राणवायूशी झालेल्या संयोगाने तयार होतो. चिंचेतील आम्ल व मीठ यांच्या योगाने तो विरघळतो. मात्र भांडे लगेच धुऊन कोरडे करावे, अन्यथा हिरवट डाग पडतात. चांदी काळवंडते ती गंधकामुळे. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ती टेकवून खाण्याच्या सोड्याचे कढत पाणी ओतल्यास गंधक सुटतो व चांदी शाबूत राहते. राखेने घासल्यास ती झिजते.

परंतु वाचकहो, आजोबांच्या पेटीत १८३५ चा कंपनी सरकारचा तांब्याचा पाव आणा सापडला, तर त्यास यांपैकी काहीही लावू नये. आम्लाने व घासण्याने अक्षरे पुसट होतात, संग्राहकांच्या लेखी मोलही घटते. धूळ तेवढी मऊ कुंचल्याने झटकावी. झिजलेले अक्षर पुन्हा उमटत नाही.