अभियांत्रिकी की व्यवस्थापन : परतीची वाट कोणत्या पदवीला?

फुलंब्री तालुक्यातील बारावीच्या विद्यार्थ्यांच्या घरी ‘इंजिनीअरिंग की बीबीए’ हा प्रश्न बहुधा नोकरी कशात लवकर लागेल, या रूपात चर्चिला जातो. तथापि या दोन पदव्यांमधील निर्णायक फरक पगाराचा नसून परतीच्या वाटेचा आहे. अभियांत्रिकीचा पदवीधर पुढे एमबीए, म्हणजे व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदवी, सहज घेऊ शकतो. बीबीए, म्हणजे व्यवसाय प्रशासनाची पदवी, घेतलेल्याला मात्र अभियंता व्हावयाचे झाल्यास पुन्हा पहिल्या वर्षापासून आरंभ करावा लागतो, आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित नसेल तर तेही शक्य होत नाही.

यामुळेच ‘आधी इंजिनीअरिंग करून ठेवू, मग पाहू’ हा सल्ला शहाणपणाचा वाटतो, परंतु त्याची किंमत गणितात मोजावी लागते. अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटी या राज्य सामाईक परीक्षेत २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात, आणि प्रवेश मिळाल्यावरही ज्यांना विद्यार्थी ‘एम-वन’ व ‘एम-टू’ म्हणतात ते गणिताचे पेपर पहिल्याच वर्षी समोर येतात. त्यांत नापास झाल्यास विषय ‘बॅकलॉग’ म्हणून मागे राहतो, असे विषय साचले की वर्ष वाया जाते, आणि चार वर्षांची पदवी पाच-सहा वर्षांवर जाते. पाठांतराने सुटलेले गणित आणि समजून सोडवलेले गणित यांतील फरक गुणपत्रिकेत दिसत नाही, पालकांना तर नाहीच; विद्यार्थ्याला तो पक्का ठाऊक असतो, फक्त घरात त्याला कोणी विचारत नाही.

याचा अर्थ बीबीए ही गणिताला घाबरणाऱ्यांची धर्मशाळा आहे, असा नाही. लेखाकर्म, संख्याशास्त्र आणि परिव्यय, म्हणजे उत्पादनखर्चाचा हिशेब, हे विषय तेथेही असतात. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात बीबीए, बीसीए व बीएमएस यांच्यासाठीही सीईटी लागू झाली असून, केवळ बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळेल या समजुतीत राहिलेल्यांची त्यामुळे अडचण होते.

स्थानिक परिस्थितीही विचारात घेतली पाहिजे. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झालेले वाळूज आणि स्कोडाचा कारखाना असलेले शेंद्रा, ही दोन्ही औद्योगिक क्षेत्रे छत्रपती संभाजीनगर शहरालगतची असून फुलंब्रीकरांच्या आवाक्यातली आहेत, आणि तेथील यंत्रशाळांमुळे यंत्र व विद्युत शाखांच्या विद्यार्थ्यांना इंटर्नशिपची, म्हणजे शिकत असताना प्रत्यक्ष कामाची, संधी शोधता येते. बीबीएची प्रयोगशाळा मात्र बाजारपेठ असते, आणि ती फुलंब्रीत दारातच आहे: कापूस, मका, आले यांची खरेदी-विक्री, आडत, आणि किमान दहा उत्पादकांना मिळून नोंदवता येणारी शेतकरी उत्पादक कंपनी. घरचे दुकान वा अशा कंपनीचे काम ज्याला पुढे न्यावयाचे आहे, त्याच्यासाठी एमबीएच्या आशेने आधी चार वर्षे यंत्रशास्त्र शिकणे हा वळसाच ठरेल. उलट, घरात व्यापार नाही, ओळखी नाहीत, पण गणितात गती आहे, अशा मुलामुलींना अभियांत्रिकी अधिक आधार देते.

महाविद्यालय निवडताना एक गल्लत वारंवार होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाची राज्यात दोन विद्यापीठे आहेत: शहरातील मराठवाडा विद्यापीठ आणि रायगड जिल्ह्यातील लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठ. मराठवाड्यातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये लोणेऱ्याशी संलग्न आहेत, तर १९६० मध्ये स्थापन झालेले शहरातील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम व परीक्षा ते स्वतः ठरवते. पदवी कोणाची मिळणार, हे शुल्क भरण्यापूर्वी विचारलेले बरे.

शुल्काच्या बाबतीत, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना राज्य शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. मात्र त्यासाठी प्रवेश ‘कॅप’मधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून, घ्यावा लागतो, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. जात वैधता प्रमाणपत्र लागणार असेल, तर त्यासाठीचा अर्ज निकालाची वाट न पाहता बारावीच्या दिवाळीपूर्वीच दिलेला असावा.