मदत कशी मागावी?

(महाविद्यालयात आणि विद्यापीठात आज बरेचसे काम संगणकावर करावे लागते. अडचण आली तर कोणाकडे जावे आणि काय सांगावे, हे लेखकाने आपल्या बहिणीच्या अनुभवातून सांगितले आहे.)

ही गोष्ट २०१८ सालची आहे. माझी धाकटी बहीण इतिहास विषयात एम. ए. करण्यासाठी मालेगावहून पुण्याला गेली होती. आमचे शालेय शिक्षण उर्दू माध्यमातून झालेले. तिला मराठी चांगले येई. पण चारचौघांत बोलताना संकोच वाटे.

पहिल्याच वर्षी तिने चाळीस पानांचा प्रकल्प लिहिला. सुट्टीत घरी आली असताना तो एका दुकानातून टाइप करून घेतला. परत गेल्यावर विद्यापीठाच्या संगणकावर फाईल उघडली, तर मराठी अक्षरे गायब! सगळीकडे इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा गोंधळ. प्रकल्प देण्याची मुदत तीन दिवसांवर आली होती.

ती संगणक कक्षातील सहायकांकडे गेली आणि म्हणाली, "सर, संगणक चालत नाही."

"चालत नाही म्हणजे नेमके काय होते?" त्यांनी विचारले.

तिला काही सांगता येईना. मागे मुलांची रांग उभी होती. ती तशीच परत फिरली.

रात्री तिचा फोन आला. "भाईजान, मला हे जमणार नाही. मी घरी येते." ती रडवेली झाली होती.

मी म्हणालो, "डॉक्टरकडे गेल्यावर आपण नुसते 'बरे नाही' म्हणतो का? कुठे दुखते, केव्हापासून दुखते, हे सांगतो. इथेही तसेच सांग. कागदावर तीन गोष्टी लिही. तू काय केलेस? काय व्हायला हवे होते? पडद्यावर काय दिसले?"

दुसऱ्या दिवशी तिने कागद पुढे केला. त्यावर लिहिले होते : 'दुकानात टाइप केलेली मराठी फाईल इथे उघडली. मराठी मजकूर दिसायला हवा होता. इंग्रजी अक्षरे दिसतात. इतर मराठी फाइली मात्र नीट दिसतात.'

शेवटचे वाक्य वाचून सहायक म्हणाले, "आता कळले! दोष संगणकाचा नाही, फाँटचा आहे."

त्यांनी समजावून सांगितले. जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षराचा आकार इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेला असतो. ज्या संगणकावर तो फाँट नसेल, तिथे इंग्रजी अक्षरेच दिसतात. युनिकोड पद्धतीत मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. मराठीतील 'क' चा क्रमांक २३२५, तर उर्दूतील 'बे' चा १५७६. म्हणून संगणक बदलला तरी मराठी मराठीच राहते आणि उर्दू उर्दूच.

त्यांनी एका छोट्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने फाईल युनिकोडमध्ये बदलून दिली. काही जोडाक्षरे चुकली होती. ती बहिणीने रात्रभर बसून दुरुस्त केली आणि प्रकल्प मुदतीत दिला.

पुढे ती मदतीची ठिकाणे स्वतः शोधू लागली. पुष्कळ प्रोग्रॅममध्ये एफ-१ ही कळ दाबली की मदतीचे पान उघडते. लिब्रेऑफिस विनामूल्य मिळते. त्यामुळे चोरीची प्रत वापरण्याचे कारण उरत नाही. आयआयटी मुंबईत सुरू झालेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे छोटे पाठ मराठीतही ऐकता येतात. दोन गोष्टी ती कधी विसरली नाही : फाईलची दुसरी प्रत ठेवणे आणि मदत घेताना आपला पासवर्ड कोणालाही न सांगणे.

पुढच्या वर्षी एक नवी मुलगी तिच्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, संगणक चालत नाही."

बहिणीने तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. "बस. आधी तीन गोष्टी लिही."

शब्दार्थ
संकोच – भीड, शरम
मुदत – ठरवून दिलेला काळ
सहायक – मदत करणारा
विनामूल्य – पैसे न देता, फुकट

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बहीण पुण्याला कशासाठी गेली होती?
(आ) सहायकांना दोष कोणत्या वाक्यावरून कळला?
२. लेखकाने डॉक्टरचे उदाहरण का दिले?
३. तुमच्या सायकलचा ब्रेक लागत नाही. दुरुस्ती करणाऱ्याला काय सांगाल? तीन वाक्ये लिहा.