बंधन ज्याचे, भाषा त्याची

वाशीम हे आज जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. परंतु नगर मात्र फार जुने. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी येथेच होती व तिचे नाव वत्सगुल्म असे होते. या शाखेचा संस्थापक सर्वसेन. त्याचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून एक दानपत्र काढले. ते ताम्रपट १९३९ साली वाशीम येथेच उजेडात आले. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यावर पुष्कळ लिहिले आहे. तथापि धर्माचा विचार करणाऱ्यानेही त्या ताम्रपटाजवळ क्षणभर थांबावे, असे त्यात काही आहे.

त्या दानपत्राची भाषा एक नाही, दोन आहेत. प्रारंभी राजाची वंशावळ व त्याच्या पूर्वजांची थोरवी सांगितली आहे. तो भाग संस्कृतात आहे. पुढे प्रत्यक्ष दानाचा मजकूर येतो. कोणते गाव दिले, कोणास दिले, त्या गावास कोणत्या सवलती लागू, राजपुरुषांनी तेथून काय काय घेऊ नये, हे सर्व प्राकृतात आहे. सैनिकांनी गावात शिरू नये, गावकऱ्यांकडून फुले व दूध घेऊ नये, अशा त्या सवलती. थोरवी पंडितांच्या भाषेत, आणि पाळावयाचा नियम लोकांच्या भाषेत, अशी ही वाटणी आहे. ती कोणत्या हेतूने केली हे लेखकाने कोठे सांगितलेले नाही. परंतु तिच्यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. वंशावळ न समजल्याने कोणाचे काही बिघडत नाही. दूध घेऊ नये हा नियम मात्र गावच्या गवळ्यालाही कळला पाहिजे आणि दूध मागावयास येणाऱ्या शिपायालाही कळला पाहिजे. नाहीतर तो नियम तांब्यावर कोरूनही व्यर्थ.

या ताम्रपटानंतर सुमारे नऊशे वर्षांनी याच वऱ्हाडात, वाशीमहून ईशान्येस असलेल्या रिद्धपुरी, हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी उत्तरापंथे गेल्यावर श्रीनागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, आणि इतर भक्तजन श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी रिद्धपुरास राहिले. या मंडळींत मोठमोठे विद्वान होते. केशिराजबास संस्कृतचे जाणकार. त्यांनी संस्कृतात ‘रत्नमाला’ हे स्तोत्र रचले. पुढेही त्यांची लेखणी संस्कृताकडेच वळू लागली, तेव्हा भटोबासांनी त्यांना थांबविले. त्यांचे म्हणणे असे की, असे लिहिल्याने मार्गातील म्हाताऱ्या बाया नागविल्या जातील. भटोबासांना संस्कृतात प्रश्न विचारले गेले, तेव्हाही त्यांनी ती भाषा बाजूस सारली आणि स्वामींनी ज्या मराठीत निरूपण केले तिच्यातच विचारा, असे सांगितले. हे प्रसंग स्मृतिस्थळात आले आहेत व पंथातील लहानथोरांना ठाऊक आहेत.

या प्रसंगांचा उल्लेख बहुधा मराठीच्या अभिमानासाठी केला जातो. अभिमान वाटावा असेच ते आहे यात संशय नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि त्याच वर्षी रिद्धपुरी मराठी भाषा विद्यापीठाच्या कामास प्रारंभ झाला, हेही आनंदाचे. परंतु भटोबासांचे शब्द नीट पाहिले तर त्यांचा भर भाषेच्या थोरवीवर नसून म्हाताऱ्यांच्या हानीवर आहे, हे ध्यानी येते. ‘नागविणे’ म्हणजे लुबाडणे. ज्याला जे मिळावयाचे ते त्याला न कळेल अशा रीतीने ठेवणे, यालाच आचार्यांनी लुबाडणे मानले. म्हणून हा प्रश्न प्रथम नीतीचा आहे, भाषेचा त्यानंतर.

ज्या म्हाताऱ्यांची चिंता आचार्यांना होती, त्या केवळ ऐकून मान डोलविणाऱ्या नव्हत्या. महदाइसेचे उदाहरण घ्यावे. तिने स्वामींना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले आणि तिच्या प्रश्नांमुळे कितीतरी निरूपण आज उपलब्ध आहे. म्हाइंभट्टांनी लीळाचरित्र सिद्ध केले ते एकट्याच्या आठवणीवर नव्हे. ज्याच्या ज्याच्या स्मरणात स्वामींची लीळा होती, त्याच्याकडे ते गेले. त्यात स्त्रिया होत्या, तसेच सामान्य जनही होते. अर्थात ज्यांनी ज्ञान सांभाळले, त्यांनाच ते दुर्बोध करून ठेवणे हा उघड अन्याय झाला असता. केशिराजबासांनी आचार्यांचा शब्द मानला. पुढे त्यांनी स्वामींची वचने वेचून सूत्रपाठ सिद्ध केला आणि दृष्टान्तपाठ रचला, ते स्वामींच्या मराठीतच. ‘रत्नमाला’ स्तोत्र मात्र पंथाने टाकून दिले नाही. स्तुती संस्कृतात राहिली. उपदेश मराठीत आला. वाशीमच्या ताम्रपटातील वाटणीच येथे पुन्हा दिसते.

श्रोत्याचे दायित्व

उपदेश आपल्या भाषेत आला, म्हणजे श्रोत्याचे काम सोपे झाले असे वाटते. वास्तविक ते कठीण होते. न कळणाऱ्या भाषेतले वचन ऐकून घरी गेलेल्या माणसास ‘मला कळले नव्हते’ असे म्हणता येते. कळणाऱ्या भाषेत ऐकल्यावर ही सबब उरत नाही. समजलेले वचन बांधून घेते. म्हणूनच सूत्रपाठात विचार व आचार ही प्रकरणे वेगळी असली तरी साधकाच्या जीवनात ती वेगळी राहू शकत नाहीत.

दृष्टान्तपाठाची रचनाच या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक, असे तिचे तीन भाग. कथा सांगून ग्रंथकार थांबत नाहीत. ती कोठे लागू करावयाची तेही सांगतात. हत्तीचा दृष्टान्त सर्वांच्या परिचयाचा आहे. जन्मांध हत्तीला हात लावतात. ज्याच्या हाती पाय आला तो हत्ती खांबासारखा म्हणतो, ज्याच्या हाती कान आला तो सुपासारखा म्हणतो. प्रत्येकाचे बोलणे त्याच्या हातापुरते खरे. पण हत्ती त्याहून मोठा. परमेश्वराच्या ज्ञानाविषयी हा दृष्टान्त आहे. त्याच न्यायाने साधकाने आपल्या आचाराचेही दार्ष्टान्तिक करून पाहावे. कोणी आहारशुद्धी धरतो आणि तोच सगळा धर्म समजतो. कोणी नामस्मरण धरतो, कोणी पर्वकाळी तीर्थस्थानाचे वंदन धरतो. हाती आलेला अवयव खोटा नाही. परंतु तेवढाच धर्म म्हणणे हे आंधळेपण होय.

वाशीम परिसरातील शेतकऱ्यास समजेल असे उदाहरण धुऱ्याचे आहे. दोन शेतांमधला धुरा हा दोन घरांमधला विश्वास असतो. नांगरताना एखादा तास धुऱ्यात घातला तर त्या वर्षी कोणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या वर्षी आणखी एक तास जातो. दहा वर्षांत धुरा सरकतो. मग मोजणी, मग तंटा, मग दोन पिढ्यांचे अबोले. असे करणारा पुरुष मांस खात नसेल, मद्य शिवत नसेल, नित्य स्मरणही करीत असेल. तरी शेजाऱ्याच्या जिवास जो सल त्याने लावला, तो अहिंसेत बसत नाही. सालदाराचे ठरलेले पैसे हंगाम संपल्यावर उद्यावर ढकलणे, ओले सोयाबीन कोरड्यात मिसळून काट्यावर घालणे, ही सर्व त्याच जातीची कर्मे होत. त्यात रक्त सांडत नाही, एवढ्याने ती निर्दोष ठरत नाहीत.

पारध्यांपुढे धावणारा ससा स्वामींच्या श्रीचरणांच्या आश्रयास आला, ती लीळा येथे आठवावी. स्वामींनी सशाला आश्रय दिला, शरण आलेल्यास मारावयाचे नसते हे पारध्यांना समजावले, आणि पारध्यांनी त्याला सोडून दिले. स्वामींनी पारध्यांना शस्त्राने हाकलले नाही, की त्यांना न कळणारे शास्त्रही सांगितले नाही. त्यांना कळेल असे बोलले. पारध्यांना कळले, आणि कळल्यावर त्यांनी आपली शिकार सोडली. वक्ता कसा असावा आणि श्रोता कसा असावा, ही दोन्ही उत्तरे या एका लीळेत आहेत.

वक्त्याचे दायित्व

आता दुसरी बाजू पाहावी. ज्याला कळते त्याने, ज्याला कळत नाही त्याच्याशी कसे वागावे? भटोबासांचे म्हाताऱ्यांविषयीचे वचन या प्रश्नाचेच उत्तर आहे. परंतु ते केवळ पोथीपुरते ठेवले तर त्याचे दार्ष्टान्तिक झालेच नाही असे म्हणावे लागेल.

घराघरांतून घडणारी एक गोष्ट घ्यावी. वडील निवर्ततात. शेत भावांच्या नावे करावयाचे असते. सासरी असलेल्या बहिणीला बोलावणे जाते. ती येते, माहेरचे जेवण जेवते, आणि कचेरीत तिच्यापुढे एक कागद ठेवला जातो. कागद मराठीतच असतो. पण ती मराठी तिच्या घरातली नसते. ‘सही कर, नेहमीचेच आहे’ एवढे तिला सांगितले जाते. ती सही करते, अथवा अंगठा उठविते. त्या कागदाचे नाव हक्कसोडपत्र. महाराष्ट्रात १९९४ साली व संपूर्ण देशात २००५ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाबरोबरीचा हक्क मिळाला. हा हक्क तिला जन्मानेच प्राप्त होतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. हे भावाला माहीत असते; बहिणीला पुष्कळदा माहीत नसते. या दोघांच्या माहितीत जे अंतर आहे, त्या अंतरातच भावाची कसोटी आहे.

बहिणीने आपल्या खुशीने भावाला वाटा सोडला तर त्यात गैर काही नाही. दान तिचे आहे, ते तिने करावे. परंतु दान देणाऱ्याला आपण काय देत आहोत हे ठाऊक असावे लागते. न कळता हातून सुटलेली वस्तू दान होत नाही. ती नागवण होय. भाऊ उपदेशी असेल, त्याच्या घरी देवपूजा अवसर नित्य होत असतील, तर त्याच्यावर तर दुप्पट भार आहे. त्याने कागद बहिणीपुढे सरकविण्याआधी तिला तिच्या शब्दांत सांगावे: ‘बाई, या शेतात तुझा इतका वाटा आहे. ही सही केलीस तर तो राहणार नाही. विचार कर, घरी विचार, मग सांग.’ एवढे बोलण्यास पांडित्य लागत नाही. धैर्य मात्र लागते. कारण ती कदाचित ‘नाही’ म्हणेल. जेथे समोरच्याला ‘नाही’ म्हणता येईल इतके स्पष्ट सांगितले जाते, तेथेच सत्य बोलले गेले असे समजावे.

येथे पंथाने स्वतःच्या घरातही डोकावून पाहणे योग्य. आचार्यांनी ज्ञान म्हाताऱ्यांसाठी मराठीत ठेविले. पुढे तेच ज्ञान सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत बंद झाले. पोथ्या जपण्याची कळकळ त्यामागे होती, हे खरे. परंतु शतकानुशतके मराठी जनास आपल्याच भाषेतले हे आद्य गद्य वाचता आले नाही, हेही तितकेच खरे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. पुढे ह. ना. नेने व डॉ. वि. भि. कोलते यांच्यासारख्या अभ्यासकांनी ग्रंथ संपादून छापले. आज पोथी उघडी आहे. म्हणजे लिपीची सबबही उरली नाही. राहिली ती केवळ आचाराची सबब, आणि ती साधकाने स्वतःच सोडावयाची आहे.

कोणी म्हणेल, शास्त्र इतके सोपे करून सांगितले तर त्याचे गांभीर्य जाईल. हा आक्षेप विचारार्ह आहे. पण टिकणारा नाही. सोपे करणे म्हणजे उणे करणे नव्हे. स्वामींनी जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ मराठीत निरूपिले. त्यात विचाराची कोठेही कसर केली नाही. गांभीर्य शब्दाच्या अवघडपणात नसते. ते वचन पाळावयास लागणाऱ्या कष्टात असते. ‘शेजाऱ्याचा धुरा कोरू नको’ हे वाक्य लहान मुलासही कळते. ते जन्मभर पाळणे मात्र थोरामोठ्यांनाही जड जाते.

उपदेश घेतलेल्याने दिवस मावळताना दोन प्रश्न स्वतःस विचारावेत. आज कळलेली कोणती गोष्ट न कळल्यासारखी करून टाळली? आणि आज कोणास, त्याला कळत नाही हे पाहून, कमी सांगितले? पहिला प्रश्न श्रोत्याचा, दुसरा वक्त्याचा. प्रत्येक माणूस दिवसभरात दोन्ही असतो. वाशीमच्या ताम्रपटातील गवळ्याला आपली सवलत त्याच्या भाषेत कळली, म्हणून शिपायास तो दूध नाकारू शकला असेल. रिद्धपुरच्या म्हाताऱ्यांना सूत्र त्यांच्या भाषेत मिळाले, म्हणून त्या कोणाच्या मध्यस्थीवाचून साधन करू शकल्या. आज कचेरीच्या बाकावर बसलेल्या बहिणीला तिच्या भावाने कागद वाचून दाखविला, तर तोही आचार्यांच्या वचनाचा अर्थच सांगत आहे असे म्हणण्यास हरकत नाही.