उसनी मटआरसी वापरू नका

टर्मिनलवर मेल वाचणाऱ्यांमध्ये एक प्रथा रुजली आहे. नवा माणूस विचारतो, मट हे मेलचं सॉफ्टवेअर कसं बसवायचं. जुना माणूस स्वतःची मटआरसी, म्हणजे मटची सेटिंग फाईल, पाठवून देतो आणि म्हणतो, ‘होम डिरेक्टरीत टाक, चालेल.’ चालतंही. पुढे कधीतरी भलत्याच पत्त्यावरून भलत्याच माणसाला पत्र जातं, आणि मग तोच जुना माणूस शांतपणे विचारतो, ‘मॅन्युअल वाचलं नव्हतंस का?’ या प्रश्नाची मला मनस्वी चीड आहे, आणि ती अजून ओसरलेली नाही. फाईल देताना मॅन्युअलचं नाव काढायचं नाही, एकही ओळ समजावून द्यायची नाही, ‘चालेल’ असं छातीठोकपणे सांगायचं आणि बिघडलं की खापर घेणाऱ्याच्या डोक्यावर फोडायचं. यात दोष फाईल देणाऱ्याचा आहे असं मी म्हणतो. ते केवळ रागापोटी म्हणत नाही. मट ज्या पद्धतीने सेटिंग वाचतं, ती पद्धतच असं सांगते.

सेटिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खुणा करायच्या चौकटी येतात. हे हवं, ते नको, झालं. मायकेल एल्किन्स यांनी १९९५ साली लिहायला घेतलेल्या मटची सेटिंग फाईल तशी नाही. ती वरून खाली एकेक ओळ चालवत नेली जाते, आणि प्रत्येक ओळ म्हणजे एक आज्ञा असते. वर एक सांगितलं आणि खाली दुसरं, तर खालचं टिकतं. तुमच्या फाईलच्या आधी सिस्टिमची फाईल वाचली जाते, आणि डेबियनसारख्या वितरणांनी तीत स्वतःच्या ओळी घातलेल्या असतात. म्हणजे पाठवणाऱ्याच्या मशीनवर जी फाईल शहाण्यासारखी वागते, तीच तुमच्याकडे वेगळी वागू शकते, आणि त्यात तुम्ही एक अक्षरही बदललेलं नसतं. ‘माझ्याकडे तर चालतं’ हे उत्तर म्हणूनच कवडीमोलाचं आहे.

याहून मोठी गोम हुकांमध्ये आहे. फोल्डर-हुक म्हणजे अमुक फोल्डर उघडला की अमुक आज्ञा चालव. लोक याचा उपयोग बहुधा दोन खाती सांभाळायला करतात. ऑफिसचा फोल्डर उघडला की फ्रॉममध्ये ऑफिसचा पत्ता आणि खाली ऑफिसची सही. वाचताना वाटतं की फोल्डरातून बाहेर पडलो की सगळं पूर्ववत होईल. होत नाही. हुक आत शिरताना चालतो; बाहेर पडताना मागचं आवरून ठेवणारं कोणी नाही. घरच्या इनबॉक्ससाठी वेगळा हुक लिहिलेला नसेल, तर ऑफिसचा पत्ता आणि सही तशीच चिकटून राहते आणि पुढच्या पत्रावर जाते. पाठवणाऱ्याच्या फाईलमध्ये हे कधी दिसलेलं नसतं, कारण त्याने त्याच्या प्रत्येक फोल्डरसाठी हुक लिहिलेला असतो. तुमचे फोल्डर निराळे, त्यांची नावं निराळी. त्याचे निम्मे हुक तुमच्याकडे लागूच होत नाहीत, आणि जे लागू होतात त्यांचा परिणाम पुसायला कोणी उरत नाही.

आणि हे लक्षात येतं केव्हा? पाठवताना नाही. लिहिताना माणूस मजकूर बघतो. फ्रॉमची ओळ संपादकात येतच नाही, कारण एडिट-हेडर्स हे सेटिंग मुळात बंद असतं. पाठवण्याआधीच्या पडद्यावर ती ओळ दिसते, पण तिथे बोट वाय या अक्षराकडे सवयीने जातं. कळतं ते समोरून उत्तर आल्यावर. घरगुती व्यवहाराच्या पत्राखाली हुद्दा, कंपनीचं नाव, गोपनीयतेचा लांबलचक परिच्छेद. आणि उत्तर देणाऱ्याने ते सगळं अवतरणात परत पाठवलेलं. मग पाठवलेल्या पत्रांचा फोल्डर उघडून माणूस मागे मागे जात राहतो, हे नेमकं कुठल्या पत्रापासून सुरू झालं ते शोधत. जे गेलं ते परत बोलावता येत नाही.

यावरचा उपाय एका ओळीचा आहे, आणि तो कोणी सांगत नाही याचंच मला दुःख आहे. सगळ्या हुकांच्या आधी एक असा फोल्डर-हुक लिहा ज्याचा नमुना फक्त एक टिंब आहे. टिंब कुठल्याही फोल्डरला जुळतं. त्यात नेहमीचा पत्ता, नेहमीची सही, नेहमीचा क्रम, म्हणजे हुकांनी जे जे बदलायचं आहे त्या प्रत्येकाची मूळ किंमत ठेवा. जुळणारे सगळे हुक फाईलमधल्या क्रमाने चालतात, म्हणून हा सर्वांत वर हवा. खाली ठेवलात तर खास हुकांचं केलेलं तोच पुसून टाकेल. प्राप्तकर्त्यानुसार चालणाऱ्या सेंड-हुकांनाही हेच लागू. सेंड-हुकाची आणखी एक खोड म्हणजे तो सुरुवातीची प्राप्तकर्त्यांची यादी ठरल्यावर एकदाच चालतो. नंतर सीसीमध्ये साहेबांचं नाव वाढवलंत म्हणून सही बदलणार नाही.

दोन पत्ते सांभाळायचे असतील तर हुकांचं जंजाळ वाढवण्याआधी आल्टरनेट्स आणि रिव्हर्स-नेम यांच्याकडे बघा. आपले सगळे पत्ते आल्टरनेट्समध्ये सांगितले आणि रिव्हर्स-नेम चालू केलं की ज्या पत्त्यावर पत्र आलं त्याच पत्त्यावरून उत्तर जातं. मात्र उसन्या फाईलमध्ये माय-एचडीआरने फ्रॉम पक्का करणारी ओळ असेल तर ती आधी काढा, नाहीतर रिव्हर्स-नेमचं काही चालत नाही. एमएसएमटीपी या पत्र पाठवणाऱ्या प्रोग्रामातून पाठवत असाल तर यूज-एन्व्हलप-फ्रॉमही चालू हवं. नाहीतर पत्रावर एक पत्ता आणि पाकिटावर दुसरा असा प्रकार होतो, आणि समोरचा सर्व्हर ते पत्र संशयित ठरवू शकतो.

आता सगळ्यांत गंभीर भाग. मटआरसीत बॅकटिकमध्ये लिहिलेला मजकूर शेलची आज्ञा म्हणून चालवला जातो, आणि तो फाईल वाचतानाच. सोर्स या आज्ञेपुढच्या नावाच्या शेवटी उभी रेघ असेल तर ती फाईल वाचली जात नाही. ते नाव हुकूम म्हणून चालवलं जातं. म्हणजे परक्याची मटआरसी जशीच्या तशी घेणं हे परक्याची स्क्रिप्ट न वाचता चालवण्यासारखंच आहे. ही भीती कागदोपत्री नाही. २०१८ मध्ये मटमध्ये अशी त्रुटी सापडली की आयमॅप सर्व्हरने फोल्डरच्या नावात बॅकटिक घालून पाठवले तर सबस्क्राइब करताना वापरणाऱ्याच्या मशीनवर आज्ञा चालत असे. १.१०.१ या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. खुद्द लिहिणाऱ्यांच्या नजरेतून जे निसटलं, ते कोणाच्या दोनशे ओळी डोळे झाकून घेणाऱ्याला दिसावं अशी अपेक्षा कशी करायची?

जुन्या फायलींचा धोका वेगळा. एसएसएल-फोर्स-टीएलएस हे सेटिंग, म्हणजे सांकेतिक जोडणी नसेल तर पुढे जाऊच नकोस, हे नोव्हेंबर २०२० मधल्या मट २.० पासून मुळातच चालू केलं गेलं. त्याआधी ते बंद असे. कोणे एके काळी कुठल्या तरी सर्व्हरशी जुळेना म्हणून ‘नो’ लिहून ठेवलेली एक ओळ पिढ्यान् पिढ्या पुढे दिली जाते, आणि नव्या आवृत्तीने दिलेलं संरक्षण काढून घेते. जीमेलचंही तसंच. ३० मे २०२२ पासून गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला प्रवेश देणं थांबवलं. आता ॲप पासवर्ड लागतो किंवा ओऑथ. तरी ‘लेस सिक्युअर ॲप चालू करा’ ही टिप्पणी वर असलेल्या फायली आजही फिरत आहेत. शिवाय आयमॅप-पास या ओळीत पासवर्ड उघडा लिहिलेला. निदान तो वेगळ्या फाईलमध्ये जीपीजीने बंद करून सोर्समधून घ्या. आणि डॉटफाइल्स सार्वजनिक ठेवत असाल तर आधी जुन्या नोंदीही तपासा, कारण ओळ पुसली तरी गिटच्या इतिहासात ती राहते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे. आहे, मान्य. फोल्डर-हुकचे बदल आपोआप मागे जात नाहीत हेही स्पष्ट लिहिलं आहे. पण सेटिंगं शेकड्यांनी आहेत, आणि ही सूचना आहे हुकांच्या प्रकरणात. ज्याला आपल्या फाईलमध्ये हुक आहे हेच ठाऊक नाही, तो त्या प्रकरणाकडे जाईल कसा? जो देतो त्याला ठाऊक असतं. सांगायची जबाबदारी त्याची.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: सगळे असंच शिकले, दुसऱ्याचं बघून. बघून शिकण्याला माझी ना नाही. दुसऱ्याची फाईल जरूर वाचा, त्यातून कल्पना घ्या, पण एका वेळी एकच ओळ, आणि ती कोणाच्या कामासाठी लिहिली आहे हे विचारून. उदाहरणार्थ, लिनक्स कर्नलच्या दस्तऐवजांमध्ये ईमेल प्रोग्रामांवर एक स्वतंत्र पान आहे. त्यात मटबद्दल सांगितलं आहे की त्याला स्वतःचा संपादक नाही, म्हणून जो संपादक वापराल तो आपणहून ओळी तोडणार नाही असं बघा. पॅच पाठवणाऱ्याची एक ओळ तुटली की पॅच लागत नाही. उलट पत्रव्यवहार करणारा माणूस विम या संपादकाला बहात्तर अक्षरांवर ओळ तोडायला मुद्दाम सांगतो, कारण वाचणाऱ्याला ते सोयीचं जातं. एडिटरची तीच एक ओळ एकाला शिस्त आणि दुसऱ्याला नुकसान.

तिसरे म्हणतात, एवढी उठाठेव कशाला, अल्पाइन हा दुसरा मेल प्रोग्राम घ्या. एस दाबा, सी दाबा, समोर यादी येते. अल्पाइन चांगलं आहे, आणि ज्याला एकच खातं सांभाळायचं आहे त्याने तेच घ्यावं असं मीही सांगेन. पण यादी समोर आली म्हणून काय निवडायचं हे कळत नाही. टायपिंग वाचतं, विचार वाचत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी काही गोष्टी आहेत, ज्या इंग्रजी फायलींत असणारच नाहीत. देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली की लोक कॅरसेट यूटीएफ-८ अशी ओळ घालायला सांगतात. घालू नका. मट हे लोकॅलवरून, म्हणजे सिस्टिमच्या भाषेच्या सेटिंगवरून, स्वतः ठरवतं. चूक लोकॅलमध्ये असते आणि ती तिथेच दुरुस्त करायची असते. जोडाक्षरांमुळे यादीतले रकाने सरकतात ते टर्मिनलमुळे. मटआरसीतली कुठलीही ओळ त्यावर इलाज नाही, तेव्हा वेळ घालवू नका. जीमेल खात्याची भाषा मराठी ठेवली असेल तर आयमॅपवरच्या फोल्डरांची नावंही बदलतात आणि उसन्या फाईलमधली इंग्रजी नावं सापडत नाहीत. सी दाबून प्रश्नचिन्ह दाबा आणि सर्व्हर जी नावं दाखवतो तीच उचला. जीमेल पाठवलेलं पत्र स्वतःच ठेवून घेतं, म्हणून रेकॉर्ड हे सेटिंग रिकामं ठेवा, नाहीतर प्रत्येक पत्राच्या दोन प्रती साठतात. लोकॅल मराठी असेल तर इंग्रजी उत्तराच्या डोक्यावरची तारीख कुठल्या भाषेत यावी हे ॲट्रिब्यूशन-लोकॅलमध्ये सांगा.

सुरुवात रिकाम्या फाईलने करा. डॅश एन दिलं की सिस्टिमची फाईल टळते, मोठ्या एफने आपली चाचणीची फाईल देता येते. चालू मटमध्ये कोलन दाबून सेट, मग प्रश्नचिन्ह आणि सेटिंगचं नाव लिहिलं की त्या क्षणाची खरी किंमत दिसते. फाईलमध्ये काय लिहिलं आहे यापेक्षा ही किंमत महत्त्वाची, विशेषतः दोन-तीन फोल्डर फिरून आल्यावर. मोठा डी देऊन सगळ्या किमती एका फाईलमध्ये उतरवून ठेवा आणि नवी आवृत्ती आली की परत उतरवून डिफने ताडून बघा. आयमॅपवर मोठा इनबॉक्स असेल तर हेडर-कॅश ठरवा, नाहीतर दर वेळी सगळी हेडरं नव्याने उतरतील. टिप्पण्या लिहा, बॅकअप ठेवा, हे वेगळं सांगायला नको.

डिलीटला ‘येस’ दिलेली ओळ उसन्या फायलींत फार दिसते. तिचा अर्थ बाहेर पडताना न विचारता कायमचं पुसणं. ट्रॅश ठरवलेलं नसेल तर आयमॅपवरून ते पत्र थेट जातं. मट या सेटिंगला ‘विचार, पण हो धरून चाल’ असंही उत्तर घेतं आणि मुळात तेच असतं. ते तसंच राहू द्या. अबॉर्ट-नोअटॅच मात्र स्वतःहून चालू करा. जोडपत्र राहून गेलं तर ते अडवतं. पण ते इंग्रजी शब्द शोधतं, तेव्हा त्याच्या नमुन्यात ‘सोबत’, ‘जोडल’, ‘जोडत’ हे आपले शब्द घाला, म्हणजे ‘सोबत बिल जोडलं आहे’ लिहून बिलाविना पत्र पाठवू लागलात तर मट ते अडवेल.